कोपऱ्यातल्या खुर्च्या

माझ्या आत्याला सगळं नाट्यगृह 'कुजबुज' म्हणायचं. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते माहीत होतं आणि तिची काही तक्रारही नव्हती. प्रॉम्प्टर होती ती. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, डोक्याशी एक छोटा दिवा, सगळ्यांची वाक्यं पुटपुटत राहायचं, आणि नट अडला की त्याला पुढचं वाक्य हळूच द्यायचं, हे तिचं काम. जन्म त्यात गेला. त्यामुळे घरीसुद्धा ती कुजबुजायचीच. "मीठ दे" हेसुद्धा अशा आवाजात, की शेजारच्या खोलीत कुणी आजारी माणूस नुकतंच झोपलंय असं वाटावं. मी वैतागायचे. "अगं आत्या, घसा मोकळा करून बोल की! इथं कोण प्रेक्षक बसलेत?" ती हसायची आणि आणखी हळू बोलायची. मुद्दामच.

मी तिची भाची, त्याच नाट्यगृहाच्या तिकीट-खिडकीवर बसणारी. माझं बरोब्बर उलटं. माझा आवाज रस्त्यापर्यंत जातो आणि माझं नाक प्रत्येक गोष्टीत असतं. चोंबडी म्हणतात मला. म्हणू देत. दिवसभर खिडकीतून माणसं बघायची आणि त्यांच्याबद्दल काही जाणूनच घ्यायचं नाही, असं हवं असेल तर तिथं यंत्र बसवा ना!

तेव्हा आमच्याकडे एक नाटक जोरात चाललं होतं. एका म्हाताऱ्या बापाचं. पहिल्या अंकात पहाऱ्याचे लोक येतात आणि त्याच्या मुलाला घरातून उचलून नेतात. पुढं बाप त्याची वाट बघतो. बस, एवढंच. बापाचं काम करायचे थोरले. कंपनीतले सगळ्यांत जुने नट, म्हणून थोरले. कुठल्या वाक्याला उठायचं, कुठं वळायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. पण वाक्यं मात्र एकेक करून निसटत चालली होती. वर कानांनीही दगा दिलेला. त्यामुळे आत्या त्यांना अडल्यावर नाही, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक वाक्य द्यायची, आणि ते थोडं ऐकून, थोडं तिच्या ओठांकडे बघून बोलायचे. इतकं सफाईनं, की प्रेक्षकांना वाटायचं हा बाप बोलण्याआधी नेहमी दूर कुठंतरी बघतो. वर्तमानपत्रात त्याचं कौतुक छापून आलं होतं! आम्ही दोघी घरी पोट धरून हसलो होतो.

ही गोष्ट थोरले, आत्या आणि मी, तिघांनाच ठाऊक. मॅनेजरला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी बापाच्या कामाला दुसरा नट उभा राहिला असता. आणि मग थोरले संपलेच असते. हे मी उगाच म्हणत नाही. त्यांना घरी कुणी नव्हतं. दुपारी दोनला येऊन मेकअपच्या आरशासमोर बसले की मगच त्यांच्या चेहऱ्यावर जीव यायचा.

आणि अशात एक दिवस नाटकांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी देखरेख मंडळानं चालू नाटकांच्या संहिता पुन्हा तपासायला मागवल्या. आमची परत आली ती दुसऱ्या अंकातला एक उतारा काळा होऊन. काळा म्हणजे कसा, तर कागद उजेडासमोर धरला तरी एक अक्षर दिसू नये असा. कारण दिलेलं नाही. ते कधीच देत नाहीत. सोबत एक हमीपत्र, त्यावर मॅनेजरची आणि आत्याची सही हवी: हा उतारा रंगमंचावर उच्चारला जाणार नाही. उच्चारला गेला तर नाटक बंद आणि प्रॉम्प्टरचा परवाना रद्द.

आत्यानं सही केली. काय करणार?

मला मात्र झोप लागेना. असं होतं काय त्या उताऱ्यात? मी ते नाटक कधी सलग बघितलंच नव्हतं. पहिल्या अंकात उशिरा येणाऱ्यांना तिकिटं द्यायची आणि दुसऱ्या अंकात हिशेब जुळवायचा, यात माझं नाटक संपायचं.

"सांग ना गं, काय होतं त्यात?" मी घरी तिच्या मागेच लागले.

"तुला कशाला?"

"मी काय परकी आहे?"

"सही केलीये मी."

"सही रंगमंचासाठी केलीयेस. हे स्वयंपाकघर आहे!"

"सही म्हणजे सही," ती कुजबुजली आणि भांडी घासायला लागली. अशी ही बाई. मी तिला आडून विचारलं, लाडानं विचारलं, रुसून बघितलं. छे! कंपनीत विचारलं तर सगळे कानांवर हात ठेवायचे.

पण रंगमंचावर वेगळीच पंचाईत झाली होती. तो उतारा म्हणत म्हणत थोरले खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत चालत जायचे, आणि खिडकीपाशी पोचल्यावर नाटकातल्या मुलीला म्हणायचे, "गार वारा सुटलाय. शाल दे." आता उतारा गेला. तर थोरले खुर्चीपाशीच उभे! तालमीत त्यांना सांगून बघितलं, की गप्पपणे चालत जा. मान डोलवायचे आणि पुन्हा जागच्या जागी. मॅनेजर खेकसला, तेव्हा ते नुसतं "हो, हो" म्हणाले. आत्याला बाजूला घेऊन मात्र खरं सांगितलं, "शब्दांशिवाय माझे पाय नाही हलत गं. नवीन काही आता डोक्यात शिरतच नाही."

मग आत्यानं शक्कल काढली. आवाज दिला की बोलायचं, नुसते ओठ हलले की चालायचं. बाकीच्या वाक्यांना ती कुजबुजायची. त्या उताऱ्याला मात्र आवाज पूर्ण बंद, नुसते ओठ. थोरले तिच्या ओठांवरचे शब्द बघत बघत, एक अक्षर न बोलता, खिडकीपर्यंत जायचे. तेवढा वेळ सगळं नाट्यगृह चिडीचूप. एक म्हातारा माणूस नुसता चालतोय. लोकांच्या अंगावर काटा यायचा म्हणे.

आणि सही? सहीला धक्का नव्हता, असं आत्याला मनापासून वाटत होतं. उतारा उच्चारला गेलाच नव्हता. नाटकवाल्यांच्या लेखी आवाज नाही म्हणजे वाक्य नाही. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही. हीच तर चूक झाली.

आता माझ्या खिडकीकडे या. आमच्या नाट्यगृहात उजव्या कोपऱ्यात, पुढच्या दोन रांगांच्या टोकाला, अगदी टाकाऊ खुर्च्या आहेत. तिथून निम्मं नेपथ्य दिसत नाही आणि समोरच्या विंगेतलं नको ते सगळं दिसतं. आत्याचं स्टूलसुद्धा. त्या खुर्च्या मी नेहमी शेवटी विकायचे, तेही तोंड भरून माफी मागून. फक्त एक मंडळी आपणहून तिथं बसायची. कोपऱ्यावरच्या लाँड्रीतली बाई, तिचा नवरा आणि त्यांचे पाच मित्र. सातही जणांना ऐकू यायचं नाही. महिन्यातून दोनदा तरी यायचे, आसनांच्या तक्त्यावर त्या कोपऱ्यात बोट ठेवायचे आणि हसून जायचे. स्वस्त आहेत म्हणून घेत असतील, असं मी धरून चालले होते. ऐकू न येणारी माणसं नाटकाला का येतात, हे विचारायचं चोंबडेपण माझ्याही अंगात कसं आलं नाही, देव जाणे.

उतारा कापल्यानंतर मात्र नवलच घडायला लागलं. ओळख ना पाळख अशी माणसं येऊन कोपराच मागायला लागली. "अहो, तिथून काही दिसत नाही," मी बजावायचे. "चालेल." "मधल्या रांगेत आहे की जागा!" "नको, कोपराच." एका गृहस्थांनी तर कोपरा संपला म्हणून तिकीटच घेतलं नाही. मी चक्रावले. एवढं आहे तरी काय तिथं?

पुढच्या खेपेला लाँड्रीवाली आली तेव्हा मी खिडकीची काच वर केली आणि सरळ विचारलं, "तुम्ही कोपऱ्यातच का बसता?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचा आवाज कपड्याच्या गाठोड्यातून आल्यासारखा यायचा, पण जरा सरावलं की कळायचा. तिनं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं, मग आत, विंगेच्या दिशेनं केलं. "तुझी आत्या," ती म्हणाली. "नट वळतात. पाठ करतात. दाढी लावतात. काही कळत नाही. आत्या हलत नाही. दिव्यात बसते. सगळ्यांचं बोलते. सगळं नाटक तिच्या तोंडावर दिसतं."

इतकी वर्षं ही माणसं नाटक बघायला येत नव्हती, आत्याला बघायला येत होती!

"मग आता ते कापल्यापासून..." मी म्हणाले.

"कापलं? काय कापलं?"

"दुसऱ्या अंकात. म्हातारा खिडकीपाशी जातो तेव्हाचं."

तिनं नवऱ्याकडे वळून भराभर खुणा केल्या. त्यानं खांदे उडवले. "काही नाही कापलं," ती ठामपणे म्हणाली. "आहे तसंच आहे. माझी नणंद पण विचारत होती, तिला ऐकू येतं, की म्हातारा गप्प का जातो. मी म्हटलं, गप्प कुठं? तिला सगळं सांगितलं. तिनं ऑफिसात सांगितलं."

शब्द काय होते ते विचारणार, तोच रांगेतल्या मागच्यांनी गलका केला आणि ती आत गेली. असं आहे तर! सगळ्या शहरासाठी तो उतारा गेला होता, फक्त या सात जणांसाठी गेला नव्हता. गेला आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. आणि आता त्यांच्या ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, सगळे कोपऱ्यात बसून माझ्या आत्याच्या तोंडाकडे टक लावत होते. निम्म्यांना कळत काहीच नसणार, पण बघत होते.

मी घरी जाऊन आत्याला सांगितलं तेव्हा तिचा हात आधी तोंडावर गेला. "अगं बाई! लोकांना दिसतं?" घाबरली होती, पण तोंडावर हात तसाच ठेवून ती हळूहळू लाजली. माझ्या आयुष्यात मी तिला पहिल्यांदा लाजताना पाहिलं. "मला बघायला येतात?" तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "हो, बाई, हो. नायिका आहेस तू!"

पण जे कोपऱ्यापर्यंत पोचलं होतं ते मंडळापर्यंत पोचायला कितीसा वेळ? देखरेख साहेब आले. मला खरं तर खवट माणूस हवा होता, म्हणजे मनसोक्त राग करता आला असता. हा निघाला तरुण, चष्मिस, सर्दीनं बेजार झालेला, प्रत्येक वाक्याआधी "माफ करा" म्हणणारा. माफ करा, पण ओठ हलले म्हणजे उच्चारलंच. माफ करा, पण रविवारी दुपारच्या प्रयोगाला मी स्वतः त्या कोपऱ्यात बसणार. त्या जागी ओठ हलले तर त्याच दिवशी कुलूप.

"आडोसा लावू या," मॅनेजर म्हणाला. "विंगेला फळी ठोकतो, प्रश्नच मिटला."

फळी ठोकली असती तर आत्या थोरल्यांनाही दिसली नसती. का दिसायला हवी, हे मॅनेजरला सांगायची सोय नव्हती. "फळी नको," आत्या म्हणाली. "ओठ हलणार नाहीत."

रविवारी मी कोपऱ्यातल्या सगळ्या खुर्च्या अडवून ठेवल्या आणि दुसऱ्या रांगेच्या टोकाची साहेबांना दिली. लाँड्रीवाली आणि तिची माणसं आली तेव्हा काच वर करून सांगितलं, आज तिथं नाही. साहेब आहेत. "मग आम्ही काय बघायचं?" तिनं विचारलं. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! मॅनेजरचे पाहुणे यायचे नव्हते, त्यांची पहिल्या रांगेतली अगदी मधली आसनं मी तिच्या हातात ठेवली. "आज निदान थोरल्यांना जवळून बघा," म्हटलं. तेवढंच मला सुचलं.

दुसरा अंक सुरू झाला तशी मी खिडकी बंद केली आणि विंगेत आत्याच्या मागे जाऊन उभी राहिले. हिशेब गेला खड्ड्यात.

ती जागा आली. थोरले खुर्चीतून उठले आणि त्यांनी आत्याकडे बघितलं. आत्याचे ओठ मिटलेले. तिनं हातानं खूण केली, चला. ते बघत राहिले. त्यांना वाटलं असावं, अजून व्हायचंय. मग त्यांच्या चेहऱ्यावरून बाप हळूहळू उतरला आणि नुसता एक गोंधळलेला म्हातारा उरला. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. आत्याची नखं संहितेच्या कागदात रुतली होती, पण तोंड मिटलेलं ते मिटलेलंच. पलीकडच्या विंगेत मॅनेजर पुढं सरकला. त्याला आता कळत होतं. अजून थोडा वेळ, आणि सगळंच कळलं असतं.

थोरल्यांची नजर भिरभिरत खाली प्रेक्षकांकडे गेली. नटानं असं कधी बघू नये. समोर लाँड्रीवाली बसलेली. अडलेल्या माणसाचा चेहरा तिला कळत असणार. रोज दुकानात, रस्त्यावर ती स्वतः तशी अडत असेल. तिचे ओठ हलायला लागले. मग तिच्या नवऱ्याचे. मग सातही जणांचे, एकदम, रंगमंचाच्या उजेडात, आवाजाचा लवलेश नाही. थोरल्यांनी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. त्यांच्यावरची नजर न काढता ते चालत खिडकीपर्यंत गेले.

"गार वारा सुटलाय," आत्या कुजबुजली. तिचा आवाज फाटला होता.

"गार वारा सुटलाय. शाल दे," थोरले म्हणाले. मॅनेजर मागे सरकला.

साहेब त्या सात जणांच्या मागच्या रांगेत होते. त्यांना पाठी दिसल्या असतील, आणि त्यांचं लक्ष तर आत्यावरच होतं. प्रयोगानंतर त्यांनी मॅनेजरला लिहून दिलं: ओठ हलले नाहीत. मग माझ्या खिडकीशी येऊन नाक पुसत घुटमळले.

"माफ करा. पण तिथं होतं काय हो?"

"तुम्हीच कापता आणि मलाच विचारता?" मी भडकलेच.

"मी नाही कापत. वरच्या मजल्यावर कापतात. आमच्याकडे काळं होऊनच येतं." ते खरंच ओशाळले होते. "मी उजेडासमोर धरूनसुद्धा बघितलं."

"मला नाही माहीत," मी म्हणाले. आणि तेही खरंच होतं. दोघंही आम्ही त्या काचेच्या दोन बाजूंना सारखेच अडाणी.

घरी आल्यावर मी चहा ठेवला. म्हटलं, सुटलो एकदाचे! आत्यानं कपाला हात लावला नाही.

"थोरल्यांना उभं सोडलं मी," ती म्हणाली.

"मग काय करणार होतीस? परवाना घालवणार होतीस?"

"ती सात माणसं नसती तर ते तसेच उभे राहिले असते, आणि मी बघत राहिले असते." एवढं बोलून तिनं घसा साफ केला, आणि माझ्या समोर बसून, पूर्ण आवाजात बोलायला लागली. जाड, खणखणीत आवाज. मला माहीतच नव्हतं, तिला असा आवाज आहे.

"एवढ्या खिडक्या. सगळ्यांत दिवे. म्हणजे सगळे जागे होते. त्याला जिन्यावरून खाली नेलं, तेव्हा तो एकेका शेजाऱ्याचं नाव घेऊन ओरडत होता. एक दार उघडलं नाही. मी कुणाला बोल लावत नाही. समोरच्यांच्या पोराला नेलं त्या दिवशी हा पडदा मीच ओढून घेतला होता. घट्ट. आणि जेवायला बसलो होतो."

मी माझाही कप खाली ठेवला.

"बास. एवढंच होतं," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं मी ते दुसऱ्याला देत होते. ते माझ्याबद्दल आहे, असं आज वाटलं." आणि ती रडली. कुजबुजत नाही, मोठ्यानं रडली.

पुढच्या प्रयोगाला कोपरा ज्याचा त्याला परत दे, असं तिनं मला बजावलं. मी दिला. सातही जण बसले. एक खुर्ची उरली. आणि खिडकीशी कोण? साहेब! बॅग नाही, पेन्सिल नाही. "माफ करा, आज मी कामावर नाही," म्हणाले, आणि तक्त्यावर त्या उरलेल्या खुर्चीवर बोट ठेवलं.

"जरा थांबा," म्हणून मी धावत विंगेत गेले. "तो आलाय! कोपरा मागतोय. सांगू का संपलं म्हणून?"

आत्या चष्मा पुसत होती. "दे त्याला."

"अगं, वेड लागलंय का? सापळा असेल! नाटक जाईल, परवाना जाईल, थोरले जातील!"

"थोरल्यांशी बोललेय मी. ते म्हणाले, परवासारखं उभं राहण्यापेक्षा घरी बसेन." तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "विचारत होता ना तो तुला? मग दे."

मी दिलं तिकीट. आणि दुसऱ्या अंकात पुन्हा तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

थोरले खुर्चीतून उठले. आत्याचे ओठ हलले आणि ते चालायला लागले. पण त्या दिवशी खिडकीपर्यंत पोचायला त्यांना नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ लागला. आत्या एकेक शब्द सावकाश, सुटा सुटा म्हणत होती, तोंड जरासं कोपऱ्याकडे वळवून. साहेबांना ओठ वाचायची सवय नव्हती ना.